सदर हृदय बंद आहे

पगारपत्रकात माझ्या नावापुढे 'मजूर' असं आहे. प्रत्यक्षात मी प्लंबर, वायरमन, रंगारी आणि गवंडी असतो, शिवाय सुट्टीच्या दिवसांत चौपाटीवर हरवलेल्या पोरांचा, आईबाप सापडेपर्यंतचा मामा. नोकरी नगरपरिषदेची, गाव कोकण किनाऱ्यावरचं. मुरुड, श्रीवर्धन, मालवण, वेंगुर्ला ही गावं तुम्ही पाहिली असतील. आमचं त्यांतलंच एक समजा किंवा समजू नका. नाव सांगितलं तर हा लेख आवक-जावकमधून फिरत फिरत खुलाशासाठी माझ्याच टेबलावर येईल, आणि मला टेबल नाही.

पर्यटक म्हणतात, "काय नशीबवान हो तुम्ही, रोज समुद्र बघायला मिळतो!" मिळतो ना. पण माझी पाठच त्याच्याकडे असते, कारण त्यानं खाल्लेलं सगळं जमिनीच्या बाजूला असतं. दिव्याचा खांब बाहेरून ठणठणीत दिसतो. टिचकी मारली की आवाज बद्द येतो, आणि दाबून बघितलं की अंगठा आत जातो. बोल्ट उघडायला पाना लावावा, तर बोल्टाचं डोकं हातात येतं नि धड खांबातच राहतं. खांबाच्या बुडाशी वायरिंगची जी झडप असते, ती पावसाळ्यानंतर नुसती रंगानं धरून ठेवलेली असते. रंग आहे म्हणून झडप आहे.

उपाय साधा आहे. खरवडायचं, रेड ऑक्साइडचा एक हात द्यायचा, वर रंगाचे दोन. पण रेड ऑक्साइडचा डबा स्टोअरमधून हलायला मागणीपत्र लागतं. त्यावर जेईंची, म्हणजे कनिष्ठ अभियंत्यांची सही, मग ओएस, म्हणजे कार्यालय अधीक्षक, मग लेखापाल, मग मुख्याधिकारी साहेब, आणि साहेब जिल्ह्याला मीटिंगला. गंजाला मीटिंग नसते. मंजुरी येते तेव्हा ज्या खांबाला रंग द्यायचा तो आडवा झालेला असतो. मग रंगाची फाइल बंद करायची आणि 'नवीन खांब बसविणेकामी' अशी दुसरी उघडायची. आमच्याकडे वस्तू दुरुस्त होत नाही. ती एका फाइलमध्ये मरते आणि दुसरीत जन्म घेते.

याला अपवाद मी एकदाच पाहिला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा पत्रे, माड, खांब, तारा सगळं एकदम रस्त्यावर आलं. त्या वेळी कुणी कागद मागितला नाही. साहेब स्वतः कोयता घेऊन उभे होते. तेव्हापासून माझं मत असं झालंय की सगळे खांब एकदम पडले तर काम होतं. एकेक पडला की फाइल होते.

चौपाटीच्या कठड्याला मागे स्टेनलेस स्टीलचं रेलिंग बसवलं. समुद्राकाठी ३१६ ग्रेडचं स्टील लागतं. त्यात मॉलिब्डेनम असतं, म्हणून खारी हवा ते बऱ्यापैकी सोसतं. घरातल्या भांड्यांना चालणारं ३०४ इथे तग धरत नाही. बिलात ३१६ होतं. पहिला पावसाळा सरला आणि रेलिंगभर चहाच्या रंगाचे ठिपके उठले. ठेकेदार म्हणाला, "धूळ आहे ती, पुसून घ्या." मी पुसलं. धूळ माझ्या फडक्याला न लागता रेलिंगलाच राहिली. मोजमाप पुस्तकात काय लिहिलं गेलं ते मला माहीत नाही, पण समुद्रानं आपल्याकडे ३०४ अशी नोंद केली आहे आणि त्याच्या वहीत खाडाखोड चालत नाही.

सुरक्षेसाठी म्हणून आम्हाला पोपटी रंगाचं चमकणारं जाकीट दिलंय. त्याचा फायदा एकच, मी कुणालाही अर्ध्या मैलावरून सापडतो. जाकीट म्हणजे सरकार, हे पर्यटकाला पक्कं ठाऊक असतं. हाकेवरून माणूस कुठला ते मला कळतं. "अहो, जरा ऐकता का" म्हणजे पुणे, आणि पुढे तक्रार. "बॉस" म्हणजे मुंबई, आणि पुढे पार्किंग. "ओ मालक" म्हणजे कोल्हापूर, आणि पुढे, "हितं तांबडा रस्सा कुठं मिळंल?" घाट उतरून समुद्रावर आल्यावर तांबडा रस्सा! मी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये कमरेपर्यंत उतरलेलो असतो, हातात बांबूची कांब, आणि वरून एक बाई वाकून विचारतात, "काका, डॉल्फिन किती वाजता येतात?" म्हटलं, "कार्यालयीन वेळेत येत नाहीत." त्यांनी ते खरं धरलं आणि संध्याकाळी सहानंतर मुलांना घेऊन परत आल्या.

चेंबरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. लोकांना वाटतं, सार्वजनिक शौचालय घाणीनं तुंबतं. घाण बिचारी पाण्याबरोबर निघून जाते. तुंबवते ती वाळू. ती पाण्याबरोबर येते पण पाण्याबरोबर जात नाही, ट्रॅपच्या वळणात बसते आणि थर धरते. म्हणून बाहेर खास नळांची ओळ केली आहे, वर हातभर अक्षरांत 'पाय येथे धुवा'. त्या नळांवर लोक पिण्याच्या बाटल्या भरतात आणि पाय धुवायला आत येऊन बेसिनमध्ये घालतात. एक पाय जमिनीवर, एक बेसिनमध्ये, तोल सांभाळायला हात नळावर. आधी नळ हलतो, मग बेसिन भिंतीतून सुटतं, आणि मग "इथे काही मेंटेनन्सच नाही" असं म्हणत ते गृहस्थ दुसऱ्या बेसिनकडे जातात. दुसरा पाय राहिलेला असतो ना.

त्यानंतर मी ट्रॅपचं झाकण काढतो आणि कोपरापर्यंत हात घालून वाळू उपसतो. बादली भरते. बारीक, सोनेरी, मधूनमधून शिंपले. हीच वाळू बाहेर असते तेव्हा तिचे फोटो काढतात. वाळूतून क्लिपा निघतात, नाणी निघतात, एकदा कवळी निघाली. हरवले-सापडलेच्या नोंदवहीत 'दात, वरचे, एक संच' असं लिहून ठेवलं. कुणी ओळख पटवायला आलं नाही.

नळांचं म्हणाल तर पितळी लावला की रात्री जातो, प्लास्टिकचा लावला की दिवसा तुटतो. आम्ही हल्ली प्लास्टिकचेच लावतो. निदान तुकडे मागे राहतात, आणि जुना जमा केल्याशिवाय स्टोअरकीपर नवा देत नाही.

आता हृदयाकडे येतो. सगळ्या गावांनी लावली म्हणून आमच्या गावानंही चौपाटीवर ती माणूसभर उंचीची अक्षरं लावली: आधी 'आय', मग तांबडं हृदय, मग गावाचं नाव. रात्री आतून दिवे. फोटो काढताना 'आय'ला कुणी विचारत नाही, सगळे हृदयावर तुटून पडतात. वरच्या खाचेत पोर बसवायचं, दोन बाजूंना आजी-आजोबा टेकवायचे, खालच्या टोकावर जावयानं पाय ठेवायचा. माणसाचं खरं हृदयसुद्धा इतक्या नातेवाइकांचा भार सोसत नाही. दिवाळीच्या तोंडावर ते विझलं.

मुकादम म्हणाला, "अरे, हृदय बंद पडलाहा. जा, बघ." तोवर तक्रारवहीत नोंद झाली होती: 'चौपाटीवरील हृदय बंद असून नागरिकांची गैरसोय होत आहे.' जेई येऊन गेले आणि त्यांनी टिपणी लिहिली: 'सदर हृदयाची प्रत्यक्ष पाहणी केली असता ते बाहेरून सुस्थितीत, मात्र आतून पूर्णतः गंजलेले आढळून आले.' हे वाक्य कचेरीत वाचलं गेलं तेव्हा दोनतीन जण उगाच खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढे प्रश्न आला लेखाशीर्षाचा, म्हणजे खर्च कुठल्या खात्यात टाकायचा याचा. विद्युत विभाग म्हणाला, सांगाडा लोखंडी आहे, म्हणजे बांधकाम. बांधकाम म्हणालं, लोखंड उभं आहे, विझलाय तो दिवा, म्हणजे विद्युत. हृदय नक्की कुणाचं हा वाद आठवडाभर चालला. शेवटी लेखापालांनी ते सुशोभीकरणात टाकलं आणि नवीन हृदयासाठी तीन दरपत्रकं मागवायला सांगितली.

मी मागचा पत्रा उघडला. एलईडी पट्टीचे सगळे जोड हिरवे पडले होते. तांब्याला खारी हवा लागली की असंच होतं. खरवडून, डाग देऊन निम्मी पट्टी चालू झाली, उरलेल्या जागी साधे बल्ब सोडले आणि आतून आकाशकंदिलाचा लाल जिलेटिन कागद चिकटवला. एका बाजूला लख्ख, दुसऱ्या बाजूला मिणमिणतं. रात्री एक वयस्कर गृहस्थ बराच वेळ त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "माझी अँजिओग्राफी अश्शीच आली होती."

भाऊबिजेला सकाळी हृदयाचा तोच उघडलेला पत्रा बसवत होतो, तेव्हा ती गाडी आली. उंच, पांढरी, बोनेटवर झेंडूची माळ. आदल्याच दिवशी, पाडव्याच्या मुहूर्तावर शोरूममधून निघालेली. आमच्याकडे भरतीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दीडची भरती, थोडं इकडेतिकडे. त्यात अमावास्या नुकती सरलेली, म्हणजे पाणी उधाणाचं.

"साहेब, गाडी खाली नका उतरवू. भरती लागलीय, दीडला पूर्ण भरेल."

"अहो काका, आत्ता साडेदहा वाजतायत."

"वाळू वरून कडक दिसते. आत नसते."

"फोर बाय फोर आहे." हे त्यांनी माझ्याकडे बघून, पण मागच्या सीटवरच्या सासरेबुवांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं.

गाडीनं वाळूवर दोन गोल मारले, मग पाण्याच्या कडेला फोटोसाठी थांबली. लाट आली, आणि जाताना चाकांभोवतीची वाळू घेऊन गेली. एवढंच करते ती. पुढचं सगळं मालक करतात. घाबरून रेस द्यायची, चाक जागच्या जागी फिरतं आणि स्वतःचा खड्डा स्वतः खणतं. साडेअकराला दाराच्या पायरीपर्यंत वाळू होती. बाराला सायलेन्सर गुळण्या करत होता. सासरेबुवा चपला हातात घेऊन, काहीही न बोलता, किनाऱ्याकडे चालत गेले. त्यांचं ते न बोलणं फार मोठ्यानं ऐकू येत होतं.

रापणीवाले, म्हणजे किनाऱ्यावर उभं राहून जाळं ओढणारे मच्छीमार, दोर घेऊन धावले. त्यांचा म्होरक्या पाण्यात कमरेपर्यंत उभा राहून म्हणाला, "दर्यो नंबर प्लेट वाचणा नाय, साहेब." सगळ्यांनी मिळून ओढलं. दोर तुटला, गाडी हलली नाही. जेसीबीवाल्याला फोन केला, तो बहिणीकडे. ट्रॅक्टरवाला, तोही बहिणीकडे. गावातली सगळी यंत्रसामग्री पाटावर बसून ओवाळून घेत होती. एवढ्यात माझ्याच बहिणीचा फोन: "दादा, तू येतलस काय मी ताट झाकून ठेवू?" म्हटलं, झाक.

ट्रॅक्टर आला तेव्हा ओहोटी लागली होती. टायरांतली हवा कमी केली, चाकांखाली माडाची झापं घातली आणि गाडी बाहेर काढली. दार उघडल्यावर आतून पाणी आणि एक छोटा खेकडा बाहेर पडला. बोनेटवरची माळ मात्र जागच्या जागी. मालकांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "हे वॉरंटीत बसेल ना?" जाकीट म्हणजे सरकार.

ते घरी पोचायच्या आत त्यांची तक्रार आमच्याकडे पोचली. वाहनबंदीचा फलक वाचता येत नसल्यामुळे आपलं नुकसान झालं, अशी. मुकादम आणि मी फलक बघायला गेलो. 'समुद्रकिनारी वाहने नेण्यास सक्त मनाई आहे' असं होतं त्यावर. गंजानं नेमके मधले दोन शब्द खाल्ले होते. उरलं होतं, 'समुद्रकिनारी वाहने नेण्यास आहे.' तक्रारीत तथ्य होतं. नवीन फलकाची फाइल लगेच उघडली गेली. जेईंनी विचारलं, "आकार किती लिहू?" मी म्हटलं, "सासरेबुवांना दिसेल एवढा." त्यांनी ते लिहिलं नाही.

तीन दरपत्रकांपैकी दोन आली आहेत. तिसरं येऊन मंजुरी मिळेपर्यंत तात्पुरती व्यवस्था म्हणून शनिवार-रविवारी फलकाच्या जागी मला उभं केलं आहे, जाकीट घालून. तसा तोंडी आदेश आहे. काल एक गाडी येऊन माझ्यासमोर थांबली, काच खाली झाली.

"काका, जरा बाजूला होता का? गाडी खाली घ्यायचीय."