मेथीचे खत माशाच्या पोटातून येते, पण त्याआधी पोत्यातून

गेल्या काही महिन्यांत कोल्हापुरातल्या आमच्या दोन-तीन व्हॉट्सॲप गटांवर एकच मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: गच्चीवर हजार लिटरची टाकी ठेवावी, खाली चिलापी सोडावी, वर खडीच्या वाफ्यात मेथी-पालक लावावा, माशांच्या विष्ठेवर भाजी वाढते आणि भाजी पाणी स्वच्छ करून माशांना परत देते, त्यामुळे खत लागत नाही, पाणी 90 टक्के वाचते, खर्च जवळजवळ शून्य येतो, सगळे काही सेंद्रिय असते आणि चौघांचे कुटुंब भाजी-मासळीत स्वयंपूर्ण होते. कळंब्याच्या बाजूला परसात मी असा ॲक्वापोनिक्सचा संच तीन वर्षे चालवतो आहे, आणि यापुढेही चालवणार आहे. म्हणूनच हे दावे एकेक करून तपासावेसे वाटले.

‘खत लागत नाही’ हा यातला सर्वांत मोहक आणि सर्वांत फसवा दावा. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात जे नत्र उतरते, ते माशाने खाल्लेल्या खाद्यातलेच असते. प्रथिनांत सुमारे 16 टक्के नत्र असते. म्हणजे 32 टक्के प्रथिने असलेल्या खाद्याच्या एका किलोत साधारण 50 ग्रॅम नत्र आले. त्यातला पाव ते तिसरा हिस्सा माशाच्या अंगी लागतो आणि उरलेले अमोनिया व गाळ होऊन पाण्यात राहते; खडीवर वस्ती करणारे एका जातीचे जिवाणू त्या अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट भाजीची मुळे उचलतात. हे काम खरोखर सुंदर आहे, पण त्याची सुरुवात खाद्याच्या पोत्यापासून होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 साली छोट्या संचांसाठी काढलेल्या तांत्रिक पुस्तिकेत पालेभाजीच्या एका चौरस मीटर वाफ्यामागे रोज 40 ते 50 ग्रॅम खाद्य धरले आहे. माझा वाफा तीन चौरस मीटरचा, म्हणजे महिन्याला चार किलो खाद्य आणि त्यातून 200 ग्रॅम नत्र. तेवढे नत्र चांगल्या कुजलेल्या 40 किलो शेणखतातही असते. शेणखत गावातल्या गोठ्यातून येते. खाद्य मात्र सोयाबीनची पेंड, कोंडा आणि अनेकदा समुद्रातली लहान मासळी वाळवून, दळून केलेली भुकटी यांचे असते. ज्या मासळीवर कुणाचे जेवण झाले असते, ती दळून चिलापीला घालायची आणि त्याला शाश्वत जीवन म्हणायचे, हे मला पटत नाही.

शिवाय हे खत पूर्णही नसते. पहिल्याच हंगामात माझ्या मेथीची नवी, शेंड्याकडची पाने फिकट पिवळी पडली, पण शिरा हिरव्याच राहिल्या. पान उजेडासमोर धरले की हिरवी जाळी स्पष्ट दिसायची. ही लोहाची कमतरता. माशांच्या खाद्यात लोह, पालाश आणि कॅल्शियम भाजीच्या गरजेपुरते नसतात, त्यामुळे कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोहाची, म्हणजे पाण्यात विरघळून मुळांना उचलता येईल अशा लोहाची, पुडी आणावीच लागते. ज्याला ‘खत लागत नाही’ म्हणायचे आहे, त्याने या पुडीला काय म्हणायचे ते सांगावे.

पाण्याचा दावा निम्मा खरा आहे. 90 टक्के बचतीचा आकडा पाटपाण्याने भिजवलेल्या शेताच्या तुलनेत निघतो, कारण तिथे मुळांच्या खाली मुरणारे पाणी पिकाला मिळत नाही. पानांतून बाष्प होऊन जाणारे पाणी मात्र मेथी मातीत असो की खडीत, तेवढेच जाते. हजार लिटरच्या संचात रोज 10 ते 30 लिटर पाणी भरून काढावे लागते. तेवढ्याच जागेतल्या, वर पाचोळा अंथरलेल्या कुंड्यांना मी हाताने घालतो ते पाणी याहून फारसे वेगळे नाही. नळाचे पाणी थेट ओतताही येत नाही, कारण त्यातले क्लोरीन माशांना आणि जिवाणूंनाही मारते; ते दिवसभर उघड्या भांड्यात ठेवावे लागते.

शून्य खर्चाच्या दाव्याचे उत्तर वीजबिलात आहे. 40 वॅटचा पाण्याचा पंप आणि 20 वॅटचा हवेचा पंप अहोरात्र चालले की महिन्याला 43 युनिट होतात. ज्या घराचे बिल 100 युनिटांच्या आत बसते, त्याला हे वाढीव युनिट वरच्या दरात नेऊ शकतात. आणि वीज गेली तर? दुसऱ्या वर्षी मे महिन्यात वळवाच्या पावसात संध्याकाळी सातला वीज गेली ती पहाटे आली. उकाड्याने पाणी तापलेले होते, आणि 30 अंशांच्या पाण्यात मुळातच लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, 20 अंशांच्या पाण्यात नऊ मावतो. दहाच्या सुमारास बॅटरीच्या उजेडात पाहिले तर सगळी चिलापी पृष्ठभागाला तोंडे लावून हवा ओढत होती. मी आणि मुलगा बादलीने पाणी उचलून उंचावरून ओतत राहिलो, पण पहाटेपर्यंत 22 मासे गेले. चूक सर्वस्वी माझी होती. हवेच्या पंपाला बॅटरी जोडायची सूचना मी वाचली होती आणि खर्च नको म्हणून टाळली होती.

‘सेंद्रिय’बद्दल एवढेच सांगतो की कीटकनाशक मारता येत नाही, हे खरे आहे, कारण मासे मरतात. पण मावा आला म्हणून कोणी गोमूत्र फवारले आणि ते टाकीत निथळले, तर तेही अमोनियाच देते.

गच्चीचा सल्ला मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. बाजारात मिळणाऱ्या पिंजऱ्याच्या टाकीचा तळ सुमारे सव्वा चौरस मीटर असतो, म्हणजे चौरस मीटरला 800 किलोंहून अधिक भार. माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात चौरस मीटरला साधारण 150 किलो धरलेले असतात. टाकी जमिनीवर ठेवावी. गच्चीच हवी असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला बोलवावे.

राहिली स्वयंपूर्णता. महिन्याला चार किलो खाद्यातून, सगळे नीट झाले तर, दोन किलोंच्या आसपास मासा वाढतो, आणि साफ केल्यावर त्यातला निम्माच पातेल्यात पडतो. आमच्याकडे तो दोन वेळच्या रश्श्याला पुरतो. पालेभाजीची पेंडी आठवड्यात तीन-चार दिवस घरची निघते, बाकीच्या दिवशी कपिलतीर्थ मंडई आहेच. त्यातही हिवाळ्याची एक गंमत आहे, जी त्या मजकुरात कुठेच नाही. डिसेंबरात कोल्हापूरची पहाट गार होते, पाणीही उतरते, आणि उष्ण पाण्यातली चिलापी खाणे जवळजवळ सोडते. खाद्य कमी म्हणून नत्र कमी, आणि गार पाण्यात जिवाणूही मंदावतात. नेमकी तीच मेथी, शेपू आणि कोथिंबिरीची ऋतुबहार असते. त्या दिवसांत आमच्या ताटातली मेथी खडीच्या वाफ्यातली नसते. ती शेजारच्या मातीच्या कुंड्यांतली असते, आणि त्या कुंड्यांना मी शेणखताबरोबर गाळणीत साचलेला माशांचा गाळ घालतो.