उतावळ्या नेमबाजासाठी: काळ्या दारूचे रिव्हॉल्व्हर भरण्याची सुलभ रीत

अमेरिकेच्या १९६८ च्या संघीय शस्त्रकायद्याने १८९८ पर्यंतच्या बंदुका सामान्यतः ‘प्राचीन’ ठरवून आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या, आणि घोडा आपटताच ठिणगी देणाऱ्या छोट्या टोपीवर चालणाऱ्या जुन्या रिव्हॉल्व्हरांच्या नव्या प्रतिकृतींनाही तीच सवलत दिली. राज्याराज्यांचे नियम वेगळे असतात, परंतु ते वाचत बसण्यापेक्षा इटलीतील ब्रेशिया प्रांतातून आलेला अशा प्रतिकृतीचा खोका उघडणे केव्हाही अधिक सुखाचे. कायदा ज्याला बंदूक मानत नाही, त्याने माणूस मरेल कसा, असा तर्क आपण एव्हाना केलाच असेल. तो सोडू नये, कारण पुढील सर्व सल्ला त्याच्यावरच उभा आहे.

काळी दारू, म्हणजे जुन्या काळची बंदुकीची दारू, फार धूर करते आणि हात काळे करते, म्हणून तिच्याऐवजी आधुनिक धूररहित दारू भरावी. तिचा दाब सोसण्यासाठी ही सिलिंडरे, म्हणजे दारू-गोळीचे कप्पे असलेली फिरती नळकांडी, घडवलेलीच नसतात, ही हरकत भित्र्यांची समजावी. मापाबाबतही कंजूषपणा नको. १८४७ च्या कोल्ट वॉकर या रिव्हॉल्व्हरच्या एकेका कप्प्यात ६० ग्रेनपर्यंत (सुमारे चार ग्रॅम) दारू मावत असे आणि त्यांतील काहींची सिलिंडरे फुटली. पुढच्याच वर्षी आलेल्या ड्रगून या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर कोल्टने आखूड केले. एवढ्यातेवढ्यावरून माघार घेणाऱ्या कारखानदाराचे ऐकण्याचे आपल्याला कारण नाही.

मागील बाराची एखादी ठिणगी कप्प्यात धुमसत राहिलेली असू शकते, म्हणून जुने नेमबाज दारू आधी छोट्या मापात काढतात आणि मग ओततात. आपण दारूच्या पितळी फ्लास्कचे तोंड थेट कप्प्याला लावावे. ठिणगी असलीच तर एका बाराऐवजी सगळा फ्लास्क हातात पेटेल, आणि रेंजवर आपली ओळख कायमची होईल.

खरी मौज मात्र पुढे आहे. शिशाची गोळी कप्प्यापेक्षा किंचित मोठी घ्यायची असते, म्हणजे दांड्याने ठासताना तिच्या कडेचे शिशाचे बारीक कडे कापले जाते आणि कप्पा घट्ट बंद होतो. शिवाय गोळीखाली तेलकट चकती किंवा गोळीवर चरबी घालतात आणि मागे टोपी निपलवर, म्हणजे कप्प्यामागच्या पोकळ टोकावर, घट्ट बसते ना, हेही तपासतात. एवढा उपद्व्याप कशासाठी, तर एका कप्प्याची ज्वाला शेजारच्या कप्प्यात शिरून त्यातला बार नळीसमोर नसतानाच उडू नये यासाठी. ही आग पुढून शिरते की सैल टोपीमुळे मागून, यावर जाणकारांचा वाद अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो मिटवण्याची संधी आपण दवडू नये. सैल गोळी आणि चिमटून बसवलेली सैल टोपी, दोन्ही एकदमच वापराव्यात. नेम उत्तम साधावा म्हणून डावा हात सिलिंडरच्या पुढे, नळीखाली धरावा. म्हणजे निकाल लागताच तो आपल्या हाती असेल. गोळी दारूवर टेकेपर्यंत ठासण्याचीही गरज नाही. मध्ये पोकळी राहिली की दाबाचे काय होईल याचा भरवसा राहत नाही, आणि भरवशाच्या गोष्टींत कसली आली गंमत?

टोप्या सर्वांत शेवटी, नळी लक्ष्याकडे असताना लावाव्यात, असे पुस्तकी लोक सांगतात. आपण त्या घरीच लावून निघावे. कप्पे सहा असताना, धक्क्याने बार उडू नये म्हणून घोड्याखालचा एक रिकामा सोडून पाचच भरण्याची चाल तर सरळ नुकसानीची आहे. रेमिंग्टन कारखान्याने घोडा टेकवायला दोन कप्प्यांच्या मध्ये खाचा ठेवल्या होत्या, पण खाच शोधत बसायला वेळ कुणाला आहे?

टोपी फुटली आणि बार उडाला नाही, तर लोक रिव्हॉल्व्हर लक्ष्याकडेच रोखून निदान मिनिटभर थांबतात, कारण दारू उशिराही पेट घेते. मिनिट हा फार मोठा काळ आहे. आपण लगेच वळून शेजाऱ्याला विचारावे, ‘अहो, बघा जरा, काय झाले याला?’ त्यांची पळण्याची चपळाई पाहून आपल्याला आश्चर्य वाटेल.

घरी आल्यावर गरम साबणपाण्याची आठवणही काढू नये. ही काजळी हवेतला ओलावा ओढून घेते आणि पोलाद फार लवकर गंजवते. तेव्हा काही दिवसांनी सिलिंडर फिरेनासे झाले, की प्रतिकृती निकृष्ट निघाल्याबद्दल कारखान्याला खरमरीत पत्र लिहावे, आणि बोटे पुरेशी उरली नसतील तर ते कुणाकडून तरी लिहवून घ्यावे.