ग्रुपच्या जुन्या मेल्स खुल्या का करत नाही: 'एक वाचक' यांना उत्तर

'एक वाचक', तुमची कॉमेंट शांतपणे वाचूनच उत्तर लिहायला बसलेय. एच-4 व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधारावर, अमेरिकेत आलेल्या आम्हा मराठी बायकांच्या याहू ग्रुपचं (मेलवर चालणाऱ्या गटाचं) अर्काइव्ह, म्हणजे जुन्या मेल्सचा साठा, सगळ्यांसाठी खुलं करणार नाही असं मी लिहिलं, त्यावर तुम्ही म्हणता, "तीन-चार मॉडरेटर बायका खजिन्यावर नागासारख्या बसल्यात, हा स्थलांतराचा इतिहास आहे, नावं काढून टाकली की प्रश्नच मिटला."

नागासारख्या? 2019 च्या ऑक्टोबरमध्ये याहूने सगळं पुसणार म्हणून जाहीर केलं तेव्हा रात्री जागून त्या मेल्स उतरवून घेतल्या त्या याच बायकांनी, मुलांच्या परीक्षा आणि नोकऱ्या सांभाळून, तेव्हा इतिहासाची काळजी असलेलं कुणी फिरकलं नाही. मुद्दा मांडा ना, पण ही कुठली भाषा? आणि स्वतःचं नावसुद्धा न लिहिता दुसऱ्यांची पत्रं उघडी करा म्हणायचं, हे मला अजिबात पटलेलं नाही, स्पष्टच सांगते.

एक मान्य. शिवाजी फाँट दिसत नाही, चकलीची भाजणी कशी करायची, असले धागे खुले करायला काहीच हरकत नाही, ते करू.

आता ते "नावं काढून टाकली की". 2006 मध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने साडेसहा लाख लोकांचे सर्च असेच नावं काढून, नुसते नंबर लावून संशोधकांसाठी नेटवर टाकले होते. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी काही दिवसांतच त्यातल्या एका नंबरवरून जॉर्जियातल्या 62 वर्षांच्या बाईंना शोधून काढलं, फक्त त्या काय काय शोधत होत्या ते वाचून. तिथे तुटक शब्द होते हो, इथे पानपानभर मन मोकळं केलंय. माहेर सांगलीचं, नवरा डेट्रॉइटला गाड्यांच्या कंपनीत, जुळ्या मुली, सासूबाई सहा महिने येऊन राहिलेल्या, एवढं वाचलं की मंडळाच्या गणपतीत कुणीही सांगेल ही कोण ते.

आणि मी हे लांबून बोलत नाहीये. 2004 साली माझ्याकडे स्वतःचा म्हणून एक डॉलर नव्हता, एच-4 वर नोकरी करता येत नव्हती (काही जणींना वर्क परमिट मिळायला लागलं ते 2015 पासून), नवऱ्याशी बोलणं बंद आणि त्यात दिवस राहिलेले. मूल ठेवायचं की नाही हे मी आईला विचारलं नाही, या ग्रुपला विचारलं. ते मूल आता मोठं झालंय. त्याला देवनागरी येत नाही, पण आम्ही तेव्हा लिहायचो ते रोमनमधलं मराठी त्याला नीट वाचता येतं. माझं नाव खोडल्याने त्याला आई ओळखू येणार नाही का? सांगा ना.

गुगलने 2001 मध्ये यूजनेटची, म्हणजे नेटवरच्या जुन्या सार्वजनिक चर्चागटांची, वीस वर्षांची पत्रं खुली केली तेव्हा काय बिघडलं, असंही तुम्ही विचारलंय. ती लिहितानाच उघड्यावर होती, आमचा ग्रुप मेंबर झाल्याशिवाय दिसत नव्हता. विषय संपला. विद्यापीठाला द्या वगैरे बाकीच्या सूचनांत मी शिरत नाही.

जिला स्वतःच्या मेल्स हव्यात तिने मागाव्या, तिच्या तिला पाठवते, काही जणींना दिल्याही आहेत. पण कित्येकींचे जुने ईमेल बंद पडलेत, दोघी तर आता या जगात नाहीत, त्यांच्या वतीने हो म्हणायचा अधिकार मला नाही आणि तुम्हाला तर नाहीच नाही.