पाचशे गुणांचा उंबरठा

मॅसॅच्युसेट्समधल्या एका सरकारी हायस्कूलच्या शाळा समितीवर मी गेली तीन वर्षे पालकांची प्रतिनिधी म्हणून काम करते आहे. १९९३ च्या शिक्षण सुधारणा कायद्याने राज्यातल्या सरकारी शाळांना अशी समिती नेमणे बंधनकारक केले, आणि तिच्यात मुख्याध्यापक, शिक्षक, पालक व हायस्कूल असेल तर किमान एक विद्यार्थीही असावा लागतो. सप्टेंबर संपता संपता राज्य चाचणीचे, म्हणजे एमकॅसचे, निकाल जाहीर होतात आणि पुढचा आठवडाभर मला मराठी परिचितांचे एकाच आशयाचे निरोप येत राहतात: ‘तुमच्या शाळेचा आकडा घसरला म्हणे, मग त्या गावात घर घ्यावे की नाही?’ प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा तो आकडा मुळात काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

आपल्याकडच्या दहावीच्या बोर्डाच्या निकालाशी या आकड्याची तुलना केली तर पहिल्या पावलालाच फसगत होते. एमकॅस १९९८ पासून घेतली जाते. हायस्कूलमध्ये ती मुख्यतः दहावीच्या इयत्तेत इंग्रजी, गणित आणि विज्ञान या विषयांची असते, आणि तिचे गुण ४४० ते ५६० या मोजपट्टीवर दिले जातात. ५०० किंवा अधिक गुण मिळवणारा विद्यार्थी ‘अपेक्षा पूर्ण करणारा’ ठरतो आणि ५३० किंवा अधिक गुणांचा ‘अपेक्षेहून सरस’. वर्तमानपत्रांत आणि घरे विकणाऱ्या संकेतस्थळांवर शाळेच्या नावापुढे जी टक्केवारी झळकते, ती बहुधा फक्त हा पाचशेचा उंबरठा ओलांडणाऱ्या मुलांची असते. त्यात सरासरी गुण दिसत नाहीत, कोण कुठून कुठवर आले हेही दिसत नाही. ४५० वरून ४९५ वर पोहोचलेला मुलगा या आकड्यात जागच्या जागीच उभा असतो आणि ४९९ वरून ५०० वर सरकलेला मात्र शाळेचा निकाल ‘सुधारतो’.

लहान शाळांत तर हा आकडा फारच चंचल असतो. समजा, दहावीत १८० मुले आहेत. त्यांपैकी नऊ जण यंदा उंबरठ्याच्या अलीकडे राहिले की शाळा पाच टक्क्यांनी घसरली अशी बातमी होते. शिवाय यंदाची दहावी आणि गेल्या वर्षीची दहावी ही वेगवेगळी मुले आहेत, ही साधी गोष्ट त्या बातमीत कुठेच नसते. एखाद्या वर्षी आठवीतूनच चांगली तयारी झालेली तुकडी वर येते, दुसऱ्या वर्षी येत नाही. शिक्षक तेच, पुस्तके तीच, आणि तरीही आलेख खाली-वर होतो.

उंबरठा एकदा ठरला की सगळ्यांचे डोळे त्याच्या आसपासच्या मुलांवर खिळतात. हे अमेरिकेने देशपातळीवर अनुभवलेले आहे. जानेवारी २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केलेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने २०१४ पर्यंत सगळी, अगदी शंभर टक्के, मुले वाचनात आणि गणितात प्रवीण व्हावीत असे लक्ष्य घातले आणि ते चुकणाऱ्या शाळांवर कारवाईची टांगती तलवार ठेवली. मग अनेक ठिकाणी जादा शिकवणी मिळू लागली ती उंबरठ्याच्या जरा खाली असलेल्या मुलांना. फार मागे असलेल्यांवर वेळ घालवून आकडा हलत नव्हता आणि पुढे असलेल्यांची काळजी करण्याचे कारण नव्हते. अटलांटात तर प्रकरण उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त करण्यापर्यंत गेले; २०११ च्या चौकशीत ४४ शाळांमधल्या १७८ शिक्षक व अधिकाऱ्यांची नावे आली आणि २०१५ मध्ये अकरा जण न्यायालयात दोषी ठरले. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या नव्या कायद्याने शिक्षांचे बरेचसे अधिकार राज्यांकडे सोपवले, पण चाचणी ठेवली: तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणित, हायस्कूलमध्ये निदान एकदा, आणि किमान ९५ टक्के मुलांनी ती द्यावी ही अपेक्षा.

आमच्या राज्यात गेल्या काही काळात आणखी एक मोठा बदल झाला. २००३ मध्ये शाळा संपवणाऱ्या तुकडीपासून डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचा दाखला, हवा तर दहावीची एमकॅस उत्तीर्ण होणे आवश्यक होते. नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात जनतेने ही अट काढून टाकली. संघराज्याच्या कायद्यामुळे चाचणी मात्र राहिली. म्हणजे २०२५ च्या वसंतात दहावीतली मुले जी परीक्षा द्यायला बसली, तिच्यावर त्यांचा डिप्लोमा अडलेला नव्हता. त्या वर्षी राज्यभरातच दहावीचे आकडे खाली आले. आमच्या ऑक्टोबरच्या बैठकीत मुख्याध्यापिकांनी रंगीत स्तंभालेखांचा कागद वाटला आणि इंग्रजीचा स्तंभ का आखडला यावर आम्ही मोठी माणसे अर्धा तास बोलत राहिलो: अभ्यासक्रम बदलावा का, वाचनाचा तास वाढवावा का, कोविडचा परिणाम अजून ओसरला नाही का. शेवटी समितीवरची विद्यार्थिनी, जी आता अकरावीत आहे, तिने हात वर केला. ‘गणित मी नीट सोडवलं, कारण मला ते आवडतं,’ ती म्हणाली, ‘पण निबंधाच्या वेळेला मी चार ओळी टाइप केल्या आणि सबमिटचं बटण दाबलं. आमच्या वर्गात बऱ्याच जणांनी तेच केलं. आता तो कशालाच धरत नाहीत ना?’ शेजारी बसलेल्या इंग्रजीच्या शिक्षिकेने हातातले पेन कागदावर आडवे ठेवले आणि बराच वेळ उचलले नाही. याच मुलीचे वर्गातले निबंध त्यांनी वर्षभर तपासले होते.

माझ्या मते त्या कागदावरचा सर्वांत उपयोगी आकडा मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत होता. राज्य प्रत्येक विद्यार्थ्याचे ग्रोथ पर्सेंटाइल काढते. पूर्वी ज्यांना साधारण त्याच्याइतकेच गुण होते अशा राज्यभरातल्या मुलांच्या तुलनेत तो या खेपेस कुठे पोहोचला, हे ते सांगते. हायस्कूलसाठी आठवीच्या गुणांचा आधार घेतला जातो, कारण नववीत इंग्रजी-गणिताची राज्य चाचणी नसते. पन्नासच्या आसपासचे पर्सेंटाइल म्हणजे बरोबरीच्या मुलांइतकी प्रगती. श्रीमंत गावातल्या शाळेत ऐंशी टक्के मुले उंबरठ्यापलीकडे असूनही हे सरासरी पर्सेंटाइल चाळीसच्या खाली असू शकते, कारण ती मुले आठवीतच पुढे होती आणि हायस्कूलने त्यांत फारशी भर घातली नाही. उलट स्थलांतरित वस्तीतली शाळा उंबरठ्याच्या हिशेबात मागे दिसते आणि वाढीच्या हिशेबात साठपर्यंत जाते. जेईई आणि सीईटीमुळे पर्सेंटाइल हा शब्द आपल्या घराघरांत मुरलेला आहे, तरी हे पान उलटून पाहणारा पालक मला अजून भेटायचा आहे. अर्थात या आकड्यालाही वरचे चार ओळींचे निबंध बाधतातच. तो त्यातून सुटलेला नाही.

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या गटाचा आकडा तर याहून फसवा आहे. मूल इंग्रजीत पुरेसे तयार झाले की ते त्या गटातून बाहेर पडते आणि त्याच्या जागी कालपरवा देशात आलेले मूल येते. म्हणजे शिकवणे जितके यशस्वी, तितका गट कायम कच्चा दिसणार. २०१५ च्या कायद्याने गटातून बाहेर पडलेल्या मुलांना चार वर्षांपर्यंत त्याच गटात मोजण्याची मुभा दिली ती यासाठीच.

हे सगळे वाचून मी चाचणीच्या विरोधात आहे असे कोणी समजू नये. २००२ च्या कायद्याचे एक श्रेय निर्विवाद आहे: त्याने गरीब, कृष्णवर्णीय, लॅटिनो, अपंग आणि इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचे निकाल वेगवेगळे जाहीर करायला लावले, आणि चांगल्या सरासरीच्या आड दडलेली मुले त्यामुळे दिसू लागली. शाळेचे स्वतःचे ग्रेड तेवढे सांगत नाहीत. वर्गात ‘बी’ मिळवणारा मुलगा अपूर्णांकांत अडखळतो हे मी माझ्याच घरात, राज्याकडून आलेल्या पत्रामुळे पाहिले आहे. ते पत्र आले नसते तर आम्ही आणखी वर्षभर निर्धास्त राहिलो असतो. माझी तक्रार त्या पत्राबद्दल नाही. शेकडो मुलांची अशी पत्रे एका टक्केवारीत कोंबून ती घराच्या किमतीला चिकटवली जाते, तिच्याबद्दल आहे.

म्हणून घराविषयी विचारणाऱ्यांना मी हल्ली एवढेच कळवते की राज्याच्या संकेतस्थळावर त्या शाळेचे किमान तीन वर्षांचे ग्रोथ पर्सेंटाइल पाहा, चाचणीला किती टक्के मुले बसली ते पाहा, आणि तुमच्या मुलासारख्या मुलांचा गट तिथे कसा शिकतो ते पाहा. समितीच्या पुढच्या बैठकीसाठी मी दोन गोष्टी मागितल्या आहेत. पहिली, स्तंभालेखाच्या कागदावर वाढीचे आकडे पहिल्या बाजूला छापावेत. दुसरी, दहावीच्या मुलांना मार्चमधल्या इंग्रजीच्या चाचणीआधी कोणीतरी वर्गात जाऊन ती कशासाठी घेतली जाते हे नीट सांगावे. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसऱ्यासाठी कोण जाणार हे ठरायचे आहे. इंग्रजीच्या शिक्षिकेने त्या अकरावीतल्या मुलीचे नाव सुचवले आहे आणि तिने विचार करून सांगते असे म्हटले आहे.