इंजिन उसनं, मग कर्तृत्व कुणाचं? बिमोटावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

प्रतिक्रिया सडेतोड आहे, त्यामुळे नुसते आभार मानून सुटका करून घेत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बिमोटा ही इटलीची मोटरसायकल कंपनी जपान्यांचं इंजिन उचलते, त्याभोवती देखणी चासी (गाडीचा सांगाडा) जोडते, म्हणजे नुसती ‘नक्षी’ करते, आणि भाव मात्र दुप्पट-तिप्पट लावते. ‘हातानं बनवलेली’ हा जाहिरातीतला शब्द, ‘आमच्या गल्लीतला वेल्डरही हातानंच बनवतो’. स्वतःचं इंजिन करायला गेले तेव्हा तोंडावर आपटले. आणि आता कावासाकीनं गिळलंच आहे, तर कौतुक कशाचं?

वेल्डरपासून सुरुवात करतो, कारण तो टोमणा तुम्हाला वाटतो त्याहून खरा आहे. बियांकी, मोर्री आणि ताम्बुरिनी या तिघांनी रिमिनीत १९६६ साली जो धंदा काढला, तो हीटिंग आणि एअर कंडिशनिंगच्या डक्टचा होता. ‘बिमोटा’ हे नाव म्हणजे तिघांच्या आडनावांची पहिली अक्षरं. पत्रा वाकवायचा, पाइप जोडायचे, हे रोजचं काम. त्यातल्या मासिमो ताम्बुरिनीला गाड्यांचं वेड. १९७२ मध्ये मिसानोच्या ट्रॅकवर होंडा सीबी७५० वरून तो पडला, बरगड्या मोडून घेतल्या आणि घरी पडल्या पडल्या त्याच इंजिनासाठी नवी चासी आखली. १९७३ ची एचबी१ ती हीच, एकूण जेमतेम दहा झाल्या. तेव्हा तुमचा गल्लीतला वेल्डर इथे चपखल बसतो. पुढे याच माणसानं दुकातीची ९१६ आणि एमव्ही अगुस्ताची एफ४ या मोटरसायकली केल्या, एवढाच काय तो फरक.

आता मुख्य मुद्दा. इंजिन उसनं होतं, मान्य. पण त्या काळात इंजिन ही अडचण नव्हतीच. सीबी७५० ६७ हॉर्सपॉवर देत होती, कावासाकीची झेड१ ८२. अडचण होती ती ताकद अंगावर घेणाऱ्या सांगाड्याची. पुढचं चाक धरलेलं असतं स्टीअरिंगच्या मानेनं, मागचं स्विंगआर्मच्या (चाक धरणाऱ्या, वरखाली होणाऱ्या दांड्याच्या) पिव्होटनं, म्हणजे बिजागरीनं. या दोन जागांमधले पाइप पिळले गेले, की दोन्ही चाकं एका रेषेत राहत नाहीत. दीडशेच्या वर वेगात लांबलचक वळणावर गाडी डुलायला लागते आणि चालवणाऱ्याला घाम फुटतो. तेव्हाच्या मोठ्या जपानी गाड्यांची ही जुनी तक्रार. स्वित्झर्लंडचा फ्रिट्झ एग्ली, इंग्लंडचे रिकमन बंधू यांची दुकानं याच तक्रारीवर चालली.

१९७७ ची एसबी२ बघा. इंजिन सुझुकी जीएस७५० चं. आपल्या साध्या गाडीत स्विंगआर्म वरखाली झाला की चेन ताणते नि सैलावते, म्हणून तर आपण चेनला बोटभर ढील ठेवतो. एसबी२ मध्ये स्विंगआर्मचा पिव्होट पुढच्या स्प्रॉकेटच्याच (चेनच्या दातेरी चाकाच्याच) आसावर आणून बसवला, त्यामुळे चाक कितीही उसळलं तरी चेनचा ताण तोच. वाचायला सोपं वाटतं. पण दुसऱ्याच्या इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून तो पिव्होट नेमक्या जागी आणायचा, आणि तरी सगळं ताठ ठेवायचं, हे तुमच्यासारख्या गॅरेजमधल्या माणसाला मी काय समजावणार? चासी दोन भागांत सुटायची, जोडाला कोनाच्या आकाराचे सांधे, म्हणजे इंजिन बाहेर काढणंही सोपं. यानंतरची केबी१ कावासाकीच्या इंजिनावर. (आपल्याकडच्या केबी१०० शी हिचं काही नातं नाही, कुणीतरी विचारणार म्हणून आधीच सांगून ठेवतो.)

‘नक्षी’ हा शब्द मला खटकला तो इथे. नक्षीनं रेस जिंकता येत नाही. १९८० च्या ३५० सीसी वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये शेवटच्या रेसला दोघे समान गुणांवर होते: कावासाकीवरचा जर्मन अँटन मांग आणि खासगीत, पदरमोड करून पळणारा दक्षिण आफ्रिकेचा जॉन एकरोल्ड. रेस नुर्बुर्गरिंगला, म्हणजे मांगच्या अंगणात. एकरोल्डकडे यामाहाचं इंजिन, तसलं इंजिन तेव्हा पैसे मोजून कुणालाही मिळायचं. चासी मात्र बिमोटाची. रेसही त्यानं मारली आणि चॅम्पियनशिपही. १९८७ ला तर टीटी फॉर्म्युला वन ही मोटरसायकलींची चॅम्पियनशिप बिमोटाच्या वायबी४ वर व्हर्जिनियो फेरारीनं जिंकली. त्याआधी सलग पाच वर्षं ती होंडावरच्या जोई डनलॉपकडे होती. इंजिन इथेही यामाहाचंच. विल्यम्सनं फोर्ड, होंडा, रेनो अशा परक्या इंजिनांवर मोटारींची फॉर्म्युला वन जिंकली, तर ‘यांचं त्यात काय’ असं कुणी म्हणत नाही. मोटरसायकलवाल्यांनाच इंजिन म्हणजे सर्वस्व वाटतं.

बिमोटावर टीका करायचीच तर मी वेगळी करीन. जपान्यांना चासी येत नव्हती, तोवर यांच्या असण्याला कारण होतं. १९८५ ला सुझुकीनं जीएसएक्स-आर७५० अॅल्युमिनियमच्या चासीत आणली, पाठोपाठ यामाहाची डेल्टाबॉक्स चासी आली, आणि बिमोटाचं कसब शोरूममध्ये त्याहून कितीतरी कमी पैशात मिळायला लागलं. ताम्बुरिनी तोवर सोडून गेला होता. त्यानंतर बऱ्याच मॉडेलांत मला महागडा माल दिसतो, पण गरज दिसत नाही. कोरलेल्या प्लेटा सुंदर असतात. मात्र त्या कोरते मशीन, तेव्हा ‘हातानं’ या शब्दाबाबत तुम्ही निम्मे बरोबर.

अपवाद टेसी या मॉडेलचा. नावाचा अर्थ प्रबंध, कारण कल्पना पिएरलुइजी मार्कोनीच्या कॉलेजातल्या प्रबंधातून निघाली. १९९० च्या टेसीत पुढे फोर्क (चाक दोन्ही बाजूंनी धरणारे दांडे) नाहीच; पुढचं चाकही स्विंगआर्मवर आणि वळायची सोय चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या भागात. ब्रेक मारला की गाडी नाक खाली घालत नाही, कारण ब्रेकचा जोर आणि सस्पेन्शनचं काम वेगळं केलेलं. त्याच्या बदल्यात मोजावी लागते ती किंमत अशी, की हँडलपासून हबपर्यंत दांड्या आणि सांधे. त्यात जराशी ढील आली तरी पुढच्या चाकाचा अंदाज धूसर होतो. गाडी लोकांना पचली नाही. पण हा प्रयोग मोठ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये पहिल्याच दिवशी मेला असता.

स्वतःचं इंजिन करायला गेले ती गाडी म्हणजे व्ही ड्यू; तिच्याबद्दल तुमचं शंभर टक्के खरं. ५०० सीसीचं टू-स्ट्रोक, त्याला थेट इंजेक्शन (इंधन सरळ सिलिंडरमध्ये), सगळं स्वतःचं, साल १९९७. कल्पना झकास, पण इंधनाचं मोजमाप जमलंच नाही. गाडी झटके मारायची. विकलेल्या गाड्या परत घ्याव्या लागल्या आणि थोड्याच वर्षांत कंपनी बुडाली. तरी गंमत बघा, बुडता बुडता २००० साली अँथनी गोबर्टनं फिलिप आयलंडच्या पावसात वर्ल्ड सुपरबाइकची रेस जिंकून दिली, तीही सुझुकीचं इंजिन लावलेल्या एसबी८के वर. म्हणजे स्वतःचं इंजिन केलं तेव्हा हरले, उसनं घेतलं तेव्हा जिंकले. तुमच्या मुद्द्याला यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

राहता राहिली कावासाकी. २०१९ मध्ये त्यांनी ४९.९ टक्के हिस्सा घेतला आणि सुपरचार्ज्ड एच२ इंजिनाची टेसी आणली. ‘गिळलं’ म्हणता, पण २०२५ पासून वर्ल्ड सुपरबाइकमध्ये कावासाकीची मुख्य टीम स्वतःच्या निन्जाऐवजी बिमोटा केबी९९८ पळवते. इंजिन कावासाकीचं, टाकीवर नाव बिमोटाचं. एवढ्या मोठ्या कंपनीनं आपलं नाव मागे घेऊन रिमिनीच्या दुकानाचं पुढे केलं, त्यामागे निव्वळ प्रेम नसणार; नियम आणि हिशेब असतीलच. पण गिळणारा सहसा असं करत नाही.

आणि हो, ‘तुम्ही घ्याल का’ या प्रश्नाचं उत्तर: नाही. पैसे असते तरी नाही. एक फेअरिंग (गाडीचं बाहेरचं कवच) तुटलं तर इटलीहून येईस्तोवर गाडी झाकून ठेवायची, हे मला झेपणारं नाही.