बदामाचे दूध आटवायचे नसते

थंडी पडली की बदामाच्या गरम मसाला दुधाची एक कृती व्हॉट्सॲपवर फिरू लागते. तिचा आशय असा: दहा बदाम रात्रभर भिजवा, साल विषारी असते म्हणून काढून टाका, लिटरभर पाण्यात वाटून गाळा, निम्मे होईपर्यंत उकळा, मग एक चमचा हळद, दोन मिरी, अर्धे जायफळ आणि गूळ घालून पुन्हा उकळी आणा. यात म्हणे गाईच्या दुधाच्या दुप्पट कॅल्शियम असते, मुलांना दुधाऐवजी हेच द्यावे आणि फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकते.

यातल्या बऱ्याच चुकांचे मूळ एकच आहे. बदामाच्या दुधाला गाई-म्हशीच्या दुधाचे नियम लावले आहेत. प्रत्यक्षात ते म्हणजे पाण्यात विखुरलेले बदामाचे तेल, प्रथिने आणि बारीक कण. ते तापते वेगळे, बिघडते वेगळे आणि पोषणातही वेगळे असते.

सर्वात आधी जायफळ, कारण तिथे चवीचा नाही, तब्येतीचा प्रश्न आहे. एक जायफळ साधारण पाच ते सात ग्रॅमचे असते. पाच ग्रॅमच्या आसपास जायफळ पोटात गेल्यावर मळमळ, धडधड, तोंडाला कोरड, भ्रम अशी विषबाधेची लक्षणे दिसल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. अर्धे जायफळ म्हणजे अडीच-तीन ग्रॅम, आणि ते लहान मुलांच्या पेयात घालायला सांगितले जाते. असे करू नका. चार कपांना सहाणेवर पाच-सहा वळसे उगाळलेले जायफळ पुरते, पूड असेल तर एक लहान चिमूट. कोजागिरीच्या दुधात आपण इतकेच घालतो आणि तेवढ्यात त्याचा वास भरून येतो. झोप लागावी म्हणून मात्रा वाढवण्यात काहीच शहाणपण नाही.

आता ‘दुप्पट कॅल्शियम’. हा हिशेब कुणालाही घरी करता येईल. दहा बदाम म्हणजे सुमारे 12 ग्रॅम. 100 ग्रॅम बदामात साधारण 260 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 21 ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे त्या अख्ख्या लिटरात जेमतेम 30 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि अडीच ग्रॅम प्रथिने उतरू शकतात, आणि त्यातलाही काही भाग चोथ्यात राहतो. गाईच्या लिटरभर दुधात कॅल्शियम सुमारे 1200 मिलिग्रॅम आणि प्रथिने 30 ग्रॅमच्या वर असतात. दुप्पट सोडाच, हा चाळिसावा भाग झाला. खाली दिलेल्या प्रमाणात केलेल्या दाट पेयाच्या एका कपातही 50 ते 60 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम मिळणार नाही. बाजारातल्या खोक्यावर मोठा आकडा दिसतो तो बहुधा वरून मिसळलेल्या कॅल्शियमचा असतो, घटकांच्या यादीत ते लिहिलेले सापडते. दूध चालत नसेल त्यांनी कॅल्शियमसाठी नाचणीकडे पाहावे, 100 ग्रॅम नाचणीत ते सुमारे 350 मिलिग्रॅम असते.

म्हणूनच ‘मुलांना दुधाऐवजी’ हा सल्ला चुकीचा आहे. एक वर्षाखालच्या बाळाला आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाची जागा हे पेय घेऊ शकत नाही, आणि त्या वयात गोडीसाठी मधही द्यायचा नाही. मोठ्या मुलांना आवडीचे गरम पेय म्हणून खुशाल द्या, मात्र बदाम-काजूची ॲलर्जी नाही याची खात्री हवी. ऑक्झलेटचे मुतखडे होणाऱ्यांनी रोज पिऊ नये, बदामात ऑक्झलेट भरपूर असते.

आटवण्याचा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण बहुतेकांचे पेय इथेच बिघडते. जनावराच्या दुधातले केसीन हे प्रथिन उकळी सोसते, म्हणून बासुंदी तासभर आटते तरी फाटत नाही. बदामातली प्रथिने उष्णतेने उलगडतात आणि एकमेकांना चिकटून गुठळ्या धरतात. जोरात उकळी आली की पातेल्यात वर रवाळ थर आणि खाली पाणी असे दोन भाग दिसतात. लोकांना वाटते बदाम खराब होते, पण दोष आचेचा असतो. शिवाय दहा बदामांचे लिटरभर पाणी निम्मे आटवले तरी हाती पातळ पाणीच राहणार. दाटपणा आटवून येत नाही, तो बदामाच्या प्रमाणातून आणि थोड्या पिठूळ पदार्थातून येतो.

गूळ हा बिघाड वाढवतो. गूळ किंचित आंबट असतो आणि त्यात क्षारही असतात. गरम आचेवर दोन्ही मिळून प्रथिने झटकन साकळतात. गूळ वेगळ्या दोन चमचे पाण्यात विरघळवून गाळावा आणि पातेले उतरवून, वाफ थोडी बसल्यावर मिसळावा. खडीसाखरेने ही अडचण येत नाही. बिया काढलेले सहा-सात भिजवलेले खजूर बदामाबरोबरच वाटले तर सर्वात चांगले, रंगही खुलतो.

चार कपांसाठी प्रमाण असे. 80 ग्रॅम बदाम (साधारण 65), 20 ग्रॅम काजू, एकूण 800 मिलिलिटर पाणी, दोन छोटे चमचे तांदळाची पिठी, चिमूटभर मीठ. काजू घालण्याचे कारण चवीपेक्षा त्यातला पिष्टाचा अंश: तो गरम झाल्यावर पेयाला अंग देतो. मसाला म्हणून चार वेलच्या ठेचून, बोटाच्या दोन पेरांएवढा दालचिनीचा तुकडा, आठ मिरी, पाव छोटा चमचा सुंठ आणि पाव छोटा चमचा हळद. दालचिनी पूड करून घालू नका, ती पाण्यात बुळबुळीत होते.

भिजवलेले बदाम-काजू आधी 200 मिलिलिटर कोमट पाण्यात दोन मिनिटे, मध्ये थांबत थांबत, अगदी गंधासारखे वाटा. सगळे पाणी एकदम ओतले तर पात्यांखाली बदाम नुसते फिरतात, वाटले जात नाहीत. मग आणखी 450 मिलिलिटर घालून पुन्हा अर्धा मिनिट फिरवा आणि मलमलच्या फडक्यातून पिळून घ्या. उरलेल्या 150 मिलिलिटर पाण्यात मसाले झाकण ठेवून पाच मिनिटे उकळा आणि गाळा. हळदीचा कच्चा वास याच पायरीला जातो. या काढ्यात दोन चमचे थंड पाण्यात कालवलेली पिठी घालून ती पारदर्शक होईपर्यंत शिजवा. आता आच मंद करून बदामाचे दूध थोडे थोडे ओता, सतत ढवळा, आणि कडेने वाफ दिसू लागली, पण बुडबुडा फुटला नाही, अशा वेळी उतरवा. थर्मामीटर असेल तर 70 ते 75 अंश. पिठी आधीच शिजलेली असल्याने दूध उकळण्याची गरज उरत नाही आणि तेल-पाणी वेगळे होत नाही. चुकून रवाळ झालेच तर मिक्सरमध्ये अर्धा मिनिट फिरवा. पोत बराच सुधारतो, पूर्ववत होत नाही.

‘मिरी घातली की हळद 2000 टक्के जास्त लागू पडते’ हे वाक्यही त्या कृतीबरोबर अनेकदा येते. आकडा खरा आहे, पण तो 1998 साली बंगळूरमध्ये झालेल्या एका छोट्या प्रयोगातला आहे: माणसांना 2 ग्रॅम करक्युमिनबरोबर (हळदीतले पिवळे द्रव्य) 20 मिलिग्रॅम पिपरीन (मिरीतले तिखट द्रव्य) दिले होते. हळदीत करक्युमिन साधारण तीन टक्के. 2 ग्रॅमसाठी 65 ग्रॅम हळद लागेल, आणि 20 मिलिग्रॅम पिपरीनसाठी आठ-दहा मिरी एका माणसाला. चमचाभर हळद आणि दोन मिरींना तो आकडा चिकटवणे गैर आहे. हळद रंगासाठी आणि चवीसाठी घाला, एक चमचा घातली तर पेय कडू होते. सर्दीत गरम पेयाने घशाला आराम मिळतो, तेवढा पुरेसा आहे.

सालीबद्दल: ती विषारी नाही. तिच्यात तुरट द्रव्ये असतात, त्याने पेयाला तपकिरी छटा आणि तुरटपणा येतो, म्हणून काढायची. भिजवणे वाटायला सोपे जावे यासाठी. त्याने फायटेट (खनिजे अंगी लागू न देणारे द्रव्य) फारसे निघून जात नाही. रात्रीची आठवण राहिली नाही तर उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका, गार पाण्यात काढा, साल बोटाने सुटते, मग तासभर गरम पाण्यात ठेवा. खरी काळजी घ्यायची ती कडू बदामाची. तोंडात टाकल्यावर स्पष्ट कडू लागला तर थुंकून द्या आणि ते बदाम वापरू नका: कडू बदामातल्या द्रव्यापासून पाण्यात वाटताना सायनाइड सुटते. जुन्या बदामाचा खवटपणा वेगळा. तो वासावरूनच कळतो, आणि कुठल्याही मसाल्याने झाकला जात नाही.

आठवडाभर टिकण्याचे म्हणाल, तर हे घरगुती पेय आहे, कारखान्यात निर्जंतुक केलेले नाही. मसाल्यांनी ते टिकत नाही. गाळून लगेच फ्रिजमध्ये ठेवलेले साधे बदामाचे दूध दोन, फार तर तीन दिवस. गूळ आणि मसाला घातलेले त्याच दिवशी संपवा. बाटलीत वर तेलकट थर आला तर घाबरू नका, हलवून घ्या. आंबूस वास आला तर ओतून द्या. फडक्यात उरलेला चोथा मात्र टाकू नका: मंद आचेवर कोरडा परतून लाडवात, किंवा धिरड्याच्या पिठात दोन-तीन चमचे, पण तोही दुसऱ्या दिवसाच्या पुढे ओला ठेवायचा नाही.