एका दोडक्यासाठी

आमच्या खानावळीच्या काकू रोज सकाळी फळ्यावर भाजीचं नाव लिहितात. ते मोबाइलवर दिसावं म्हणून मी अँड्रॉइड अ‍ॅप करायला घेतलं. काम काय, तर सर्व्हरवरून एक ओळ आणायची: 'आज दोडका'.

आधी अँड्रॉइडच्या घरचंच म्हणून, सर्व्हरशी बोलणारं एचटीटीपीयूआरएलकनेक्शन घेतलं. ओळ एक आणि ती आणायला कोड वीस ओळी. चालवल्याबरोबर अ‍ॅप आडवं! मेन थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या मुख्य धाग्यावर, नेटवर्क चालत नाही, हनीकोंब या अँड्रॉइड आवृत्तीपासून म्हणजे २०११ पासूनचा नियम. बरोबरच आहे म्हणा. गल्ल्यावरच्या माणसालाच मंडईत पिटाळलं तर गिऱ्हाईक खोळंबणारच.

मग असलं काम पडद्यामागे करणारा असिंकटास्क लावला. तो अँड्रॉइड ११ मध्येच मोडीत निघालाय, हे शेजारच्या टेबलावरच्या पोराने सांगितलं, तेही 'काका' म्हणून. सर्व्हरशी बोलणारा जुना अपाचेचा क्लायंट तर अँड्रॉइड ६ ने केव्हाच घराबाहेर काढलेला. तयार कोडची लायब्ररी घ्यायची, तर एकजण म्हणाला व्हॉली, दुसरा रेट्रोफिट. तिसरा म्हणाला, "केटॉर घे, उद्या आयफोनवर न्यायचं झालं तर?" दोडका आयफोनवर! काकूंकडे स्वतःचा बटणांचा फोन आहे.

दोन दिवस तुलनेत गेले. रात्री कळलं की रेट्रोफिटच्या पोटात ओकेएचटीटीपी नावाचं इंजिन असतं आणि ४.४ पासून अँड्रॉइडच्या घरच्या कनेक्शनच्या आतही तेच बसवलंय. ज्यांची मी भांडणं लावत होतो, ते एकाच चुलीवर जेवत होते.

रेट्रोफिट घेतलं. तरी भाजी येईना. एररमध्ये लिहिलं होतं, इंटरनेटची परवानगी राहिली का? खरंच प्रश्नचिन्हासकट, सासूबाईंनी 'मीठ घातलंस ना?' विचारावं तसं. मॅनिफेस्ट नावाच्या फाइलमध्ये परवानगीची ओळ टाकली. मग लोकलहोस्ट, म्हणजे माझ्याच लॅपटॉपवरचा सर्व्हर, सापडेना, कारण एम्युलेटरला, म्हणजे लॅपटॉपवरच्या नकली फोनला, लोकलहोस्ट म्हणजे तो स्वतःच. माझा लॅपटॉप त्याच्या लेखी १०.०.२.२. तो पत्ता दिला, तर अँड्रॉइड ९ पासून साधं, कुलूप नसलेलं एचटीटीपी आपसूक बंद. तेही सोडवून घेतलं.

पाचव्या दिवशी दुपारी स्क्रीनवर अक्षरं उमटली: 'आज दोडका'. मी लॅपटॉप उंच धरूनच खानावळीत शिरलो.

फळ्यावर कारलं होतं.

सर्व्हरवरची ती ओळ मीच सोमवारी, चाचणीपुरती, टाईप करून ठेवली होती. ती रोज बदलणार कोण, हे ठरवायचं राहूनच गेलं होतं.

"ताट वाढू ना?" काकूंनी विचारलं.